कॅम्पसच्या प्लांटमधलं बॉयलर-चिलरचं कंट्रोल बदलताय? आधी क्रम नीट लावा

पॅनेल नवीन लागलंय, स्क्रीनवर पंप हिरवे होऊन फिरतायत, आणि खाली एमसीसीवर (मोटर कंट्रोल सेंटर, पंप-मोटरींच्या स्टार्टरचं पॅनेल) बघावं तर सगळे सिलेक्टर स्विच हँडवर, म्हणजे हाताने चालवायच्या स्थितीत. गोव्यात कंट्रोल बदलून झाल्यावर मी ज्या ज्या प्लांटरूममध्ये गेलो, हॉस्पिटल असो, कॉलेज असो की मोठं रिसॉर्ट, बहुतेक ठिकाणी हेच बघितलं. यात ऑपरेटरला दोष देऊन उपयोग नाही, कारण ऑटोवर टाकलं की चिलर (एसीचं पाणी थंड करणारं मशीन) ट्रिप होतो हे त्याने चार वेळा अनुभवलेलं असतं आणि रात्री दोनला फोन त्यालाच येतो.

चूक असते ती कामाच्या क्रमात. आधी कोटेशन मागवतात, मग पॅनेल येतं, मग वायरिंग होतं, आणि प्लांट नेमका कसा चालायला हवा हा प्रश्न कमिशनिंगच्या, म्हणजे सिस्टम चालू करून द्यायच्या, दिवशी पहिल्यांदा निघतो, तोही कंपनीच्या पोराची परतीची गाडी संध्याकाळी असताना. म्हणून हा लेख क्रमाचा आहे. डोळ्यासमोर असा प्लांट धरलाय: दोन-तीन वॉटर-कूल्ड चिलर, त्यांचे पंप, कूलिंग टॉवर, आणि लाँड्री, किचन, स्टरिलायझेशन अशा कामांसाठी दोन स्टीम बॉयलर. आपल्याकडे खोल्या गरम करायला बॉयलर कोणी लावत नाही, त्यामुळे परदेशी मॅन्युअलमधले हीटिंगचे सीक्वेन्स (कशानंतर काय चालू-बंद व्हायचं ते क्रम) जसेच्या तसे उचलू नका, लोडचा स्वभावच वेगळा आहे.

१. कशाला हात लावायचा नाही ते आधी ठरवा

पहिल्याच मीटिंगमध्ये एक शब्द स्वच्छ करून घ्या. बॉयलरवाला बीएमएस म्हणतो तेव्हा त्याला बर्नर मॅनेजमेंट म्हणायचं असतं आणि एसीवाला बीएमएस म्हणतो तेव्हा बिल्डिंग मॅनेजमेंट. मी एका टेंडरच्या कागदात "बीएमएस बदलणे" एवढंच लिहिलेलं बघितलंय, आणि दोन पार्ट्यांनी दोन वेगवेगळ्या गोष्टींचा रेट भरला होता. आपण इथे बर्नर सीक्वेन्सर (बर्नर पेटवणारा-बंद करणारा) आणि प्लांट कंट्रोलर (सगळ्या प्लांटचा) असे दोन वेगळे शब्द वापरू.

बर्नर सीक्वेन्सर, फ्लेम डिटेक्टर, लो वॉटरचा मॉब्रे (पाणी कमी झालं की बर्नर बंद करणारा फ्लोट स्विच), हाय प्रेशर स्विच, सेफ्टी व्हॉल्व्ह, इमर्जन्सी स्टॉप, ही साखळी वायरने वायरला जोडलेलीच राहणार. प्लांट कंट्रोलर बॉयलरला फक्त तीन गोष्टी करणार: चालू राहायची परवानगी देणार, सेटपॉइंट (किती तापमान किंवा प्रेशर राखायचं तो आकडा) पाठवणार, रीडिंग आणि अलार्म वाचणार. फ्लेम गेली तर इंधन बंद करायचं काम नेटवर्कवरून कधीही करायचं नाही. चिलरलाही हेच लागू, त्याचं अँटी-फ्रीझ, हाय प्रेशर, ऑइलचं संरक्षण त्याच्या स्वतःच्या पॅनेलमध्येच असतं आणि तिथेच राहू द्या.

सावधान: बॉयलर कायद्याखाली येणारा बॉयलर असेल तर त्याच्या अंगात किंवा स्टीम पाइपमध्ये कसलाही बदल, अगदी ट्रान्समीटरसाठी नवीन टॅपिंग काढायचं असलं तरी, पणजीत आल्तिनोच्या इन्स्पेक्टोरेट ऑफ फॅक्टरीज अँड बॉयलर्सला आधी विचारा. १९२३च्या कायद्याच्या जागी आता २०२५चा बॉयलर कायदा आलाय, पण आधी मंजुरी मग बदल हे तत्त्व तेच आहे. वेल्डर येऊन गेल्यावर परवानगी मागायला जाऊ नका.

२. प्लांट पायी फिरून यादी करा

जुन्या ड्रॉइंगवरून पॉइंट लिस्ट (कंट्रोलरला जोडलेल्या प्रत्येक सिग्नलची यादी) बनवणं ही सर्वात महागात पडणारी चूक. ड्रॉइंग पहिल्या दिवसाचं असतं, त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत तीन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेलेले असतात. एक इलेक्ट्रिशियन, एक ऑपरेटर आणि वहीवाला असे तिघेजण घ्या आणि प्रत्येक पॅनेल उघडा.

किनाऱ्याजवळच्या प्लांटरूममध्ये जुनं पॅनेल उघडलं की काय दिसतं ते सांगतो. तांब्याचे लग हिरवे पडलेले, फेरूलवरचे नंबर पुसलेले, टर्मिनलच्या मागे पालीची अंडी, आणि कुठेतरी दोन टर्मिनलच्या मध्ये लाल वायरचा इंचभर तुकडा. तो तुकडा सर्वात महत्त्वाचा. तो जंपर आहे. कधीतरी कुठला तरी स्विच त्रास देत होता म्हणून कोणीतरी तो बायपास केला आणि तसाच राहिला. आम्हाला एका ठिकाणी चिलर्ड वॉटरच्या फ्लो स्विचवर असा जंपर सापडला होता. पाणी वाहत नसलं तरी कंट्रोलरला कायम फ्लो ओके दिसणार! चिलरचा स्वतःचा डिफरन्शियल प्रेशर स्विच होता म्हणून ट्यूब वाचल्या, नाहीतर बाष्पकात पाणी गोठून काय झालं असतं ते सांगायला नको.

प्रत्येक पॉइंटपुढे एवढं तरी लिहा: उपकरण कुठलं, सिग्नल कसला, रेंज किती, वायर कुठून कुठे जाते, चालू स्थितीत आहे का, आणि कोणी बायपास केलंय का. तापमानाच्या सेन्सरचा प्रकार मीटर लावूनच ठरवा. पीटी-१०० शून्य अंशाला १०० ओहम आणि १०० अंशाला १३८.५ ओहम दाखवतो, पीटी-१००० त्याच्या दहापट, आणि १०-के थर्मिस्टर २५ अंशाला १० हजार ओहम. थर्मिस्टरमध्ये टाइप २ आणि टाइप ३ असे दोन कर्व्ह बाजारात आहेत, २५ अंशाला दोघं सारखेच दिसतात आणि चिलर्ड वॉटरच्या ७ अंशाला आल्यावर वेगळे पडतात, त्यामुळे खोलीच्या तापमानाला बरोबर दाखवतोय म्हणून खूश होऊ नका.

तपासा: यादीतला प्रत्येक जंपर कोणी, का लावला ते ऑपरेटरला विचारलं का? मूळ बिघाड दुरुस्त केल्याशिवाय जंपर काढला तर प्लांट बंद पडेल, आणि जंपर तसाच ठेवून नवीन सिस्टम लावली तर त्या सिस्टमला अर्थच नाही.

३. आजचा प्लांट कसा चालतो ते मोजून ठेवा

निदान दोन आठवड्यांची नोंद हवी, जमलं तर महिन्याची. चिलर्ड वॉटरचं येणारं-जाणारं तापमान, फ्लो, चिलरचे किलोवॉट, कंडेन्सरचं पाणी, स्टीम हेडरचं (सगळ्या लाइन जिथून फुटतात त्या मुख्य पाइपचं) प्रेशर, मिनिटाला एक रीडिंग. लॉगर भाड्याने मिळतात. ऑपरेटरची तासातासाची वहीही सोडू नका, त्यातले शेरे सोन्यासारखे असतात.

लोड काढायचा हिशोब सोपा आहे: फ्लो घनमीटर प्रति तास गुणिले तापमानातला फरक, भागिले ३.०२४, म्हणजे टीआर (टन ऑफ रेफ्रिजरेशन, कूलिंगचं माप). १०८ घनमीटर आणि ५ अंश फरक असेल तर साधारण १७९ टीआर. पण दोन सेन्सर उलट दिशेने अर्धा-अर्धा अंश चुकले तर ५चा फरक ४ किंवा ६ दिसतो, म्हणजे सरळ वीस टक्के चूक, आणि याच आकड्यावर आपण पुढे दुसरा चिलर चालू-बंद करणार आहोत. म्हणून दोन्ही सेन्सर एकाच बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा. ठेचलेला बर्फ आणि पाणी थर्मासमध्ये घालून ढवळायचं, दोघांनी शून्याच्या जवळ आणि मुख्य म्हणजे एकमेकांसारखं दाखवायला पाहिजे.

४. सीक्वेन्स साध्या भाषेत लिहा, आणि हा टप्पा घाईत उरकू नका

माझ्या मते अख्ख्या कामाचा निम्मा वेळ इथे गेला तरी चालेल. प्रोग्राम लिहिणारा बाहेरगावचा असतो, तुमचा प्लांट त्याला माहीत नाही, तो त्याच्या मागच्या प्रोजेक्टची कॉपी टाकणार. ते नको असेल तर तुम्हीच कागदावर लिहून द्यायला हवं की कधी काय चालू होईल, कधी बंद होईल, आणि काही बिघडलं तर काय होईल. सुरुवातीला ॲश्रे या अमेरिकन एसी इंजिनिअरांच्या संस्थेची गाइडलाइन ३६ बघा, तिच्या २०२१च्या आवृत्तीत चिलर आणि हॉट वॉटर प्लांटचे सीक्वेन्सही आहेत. ती सांगाडा म्हणून घ्या आणि तुमच्या प्लांटप्रमाणे भरा.

चिलर सुरू करायचा क्रम असा असतो: त्या चिलरचे मोटराइज्ड व्हॉल्व्ह उघडायचे आणि एंड स्विचवरून खरंच उघडले याची खात्री घ्यायची, मग चिलर्ड आणि कंडेन्सर पंप, मग दोन्हीकडचा फ्लो सिद्ध व्हायला हवा, आणि त्यानंतरच चिलरला चालू व्हायची परवानगी. बंद करताना उलट: आधी परवानगी काढायची, कंप्रेसर थांबल्याचा फीडबॅक येऊ द्यायचा, तीन ते पाच मिनिटं पंप चालू ठेवायचे, मग पंप आणि शेवटी व्हॉल्व्ह. पंप आणि चिलर एकाच कमांडवर बंद करणारा प्रोग्राम मी बघितलाय, तसं कधी करू नका.

दुसरा चिलर जोडताना सर्वात जास्त ट्रिप होतात. एकच पंपांचा सेट असलेल्या व्हेरिएबल फ्लोच्या प्लांटमध्ये दुसऱ्या चिलरचा व्हॉल्व्ह धाडकन उघडला की पहिल्या चिलरचं निम्मं पाणी क्षणात तिकडे जातं, त्याचा कंप्रेसर तेवढ्या लवकर लोड कमी करू शकत नाही आणि तो लो टेंपरेचरवर ट्रिप होतो. म्हणून आधी पहिल्याचा लोड थोडा कमी करायचा, मग दुसऱ्याचा व्हॉल्व्ह हळूहळू, दोन-तीन मिनिटं घेत उघडायचा. दुसरा चिलर कधी जोडायचा याची अटही दोन भागांत लिहा: लोड ठराविक टक्क्यावर गेलाय आणि पाण्याचं तापमान सेटपॉइंटला टिकत नाहीये, आणि हे दोन्ही सलग दहा-पंधरा मिनिटं. काढायची अट यापेक्षा बरीच खाली ठेवा, नाहीतर दुसरा चिलर दिवसभर आत-बाहेर करत बसेल.

कूलिंग टॉवरचं गोव्यासाठी वेगळं लिहावं लागतं. टॉवर हवेच्या वेट बल्बच्या (ओलं कापड गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या तापमानाच्या) खाली पाणी थंड करूच शकत नाही. जुलैत वेट बल्बच पंचवीस अंशांच्या वर असतो, तेव्हा कोणी कंडेन्सर पाण्याचा सेटपॉइंट २४ ठेवला असेल तर पंखे पूर्ण वेगाने रात्रंदिवस फिरतात, पाणी काही २४ला येत नाही, आणि पंख्यांची वीज जाते ती वर. सेटपॉइंट वेट बल्ब अधिक तीन-चार अंश असा ठेवा. जानेवारीच्या पहाटे उलटं होतं, पाणी छान थंड मिळतं आणि चिलरला कमी वीज लागते, पण प्रत्येक चिलरच्या पुस्तकात कंडेन्सर पाण्याची खालची मर्यादा दिलेली असते, तिच्या खाली जाऊ द्यायचं नाही.

बॉयलरचा सीक्वेन्स लिहिताना लाँड्रीत आणि किचनमध्ये जाऊन उभे राहा. ऑटोक्लेव्हने स्टीम ओढली की हेडरचं प्रेशर दोन-तीन मिनिटं खाली येतं आणि परत चढतं. तेवढ्यासाठी दुसरा बॉयलर पेटवायचा नाही, दहा मिनिटं प्रेशर खालीच राहिलं तरच पेटवायचा, नाहीतर थंड बॉयलर पर्ज होऊन (आत उरलेला गॅस हवेने बाहेर काढून), पेटून, लो फायरवर गरम होईपर्यंत गरज संपलेली असते आणि इंधन मात्र जळलेलं असतं. लेव्हल कंट्रोल आणि फायरिंगचं मॉड्युलेशन बॉयलरच्या स्वतःच्या कंट्रोलवर ठेवा, प्लांट कंट्रोलरने फक्त कुठला बॉयलर पुढे आणि कुठला मागे एवढं ठरवायचं.

आता लाइट जाण्याबद्दल, कारण यावर कोणीच लिहीत नाही आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज पडली की डिप येतोच, म्हणजे व्होल्टेज क्षणभर खाली जातं. कंट्रोलर यूपीएसवर, तो जागाच राहतो. त्याला दिसतं की चिलर १ला कमांड आहे पण चालू नाही, तो त्याला फेल ठरवतो आणि चिलर २ला बोलावतो, तोही येत नाही, मग ३. अर्ध्या मिनिटाने डीजी (डिझेल जनरेटर) येतो तेव्हा तिन्ही चिलर फेल म्हणून लॉक झालेले, आणि ऑपरेटर पावसात धावत खाली. यावर उपाय स्वस्त आहे: मेन बसवर फेज फेल्युअर रिले लावून त्याचा एक काँटॅक्ट कंट्रोलरला द्या, आणि सीक्वेन्समध्ये लिहा की सप्लाय नसताना फेल्युअरचे सगळे टायमर थांबतील, सप्लाय स्थिर झाल्यावर उपकरणं एकामागून एक ठराविक अंतराने येतील, आणि डीजीवर किती चिलर चालतील.

कम्युनिकेशन तुटलं तर काय? प्रत्येक उपकरणापुढे हेही लिहा. चिलर आणि बॉयलर शेवटच्या किंवा स्वतःच्या लोकल सेटपॉइंटवर चालू राहायला हवेत, एक नेटवर्क केबल निघाली म्हणून ऑपरेशन थिएटरचं कूलिंग जाता कामा नये.

तपासा: लिहिलेला सीक्वेन्स सर्वात जुन्या ऑपरेटरला वाचून दाखवा, तुमच्या समोर बसवून. आमच्याकडे एका काकांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं, "हो पंप पयलो लायल्यार हेडराक धक्को बसता." तो पंप सुरू करताना डिस्चार्ज व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवायची त्यांची सवय कुठल्याही ड्रॉइंगवर नव्हती. पुढे त्या पंपाला व्हीएफडीचा (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हचा) सॉफ्ट रॅम्प दिला.

५. आता हार्डवेअर निवडा

इथपर्यंत आलात तर निवड सोपी आहे, कारण पॉइंट किती आणि कसले ते माहीत झालंय. वीस टक्के पॉइंट जादा ठेवा. बॅकनेट किंवा मॉडबस असं खुलं प्रोटोकॉल (उपकरणांची एकमेकांशी बोलायची भाषा) मागा, आणि प्रोग्रामची मूळ फाइल, लायसन्स, सर्व पासवर्ड तुमच्या ताब्यात मिळतील हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या. नंतर मागितलं तर मिळत नाही, मिळालं तरी वेगळे पैसे.

खाऱ्या हवेसाठी पॅनेल आयपी-६५ (धूळ-पाणी आत जाऊ न देणारं), कार्डं कोटिंग केलेली, लग टिन प्लेटेड, केबल खालून ग्लँडमधून आत, आणि आत थर्मोस्टॅटवाला छोटा हीटर. हीटर ऐकायला विचित्र वाटतं, पण पावसाळ्यात बंद पॅनेलमध्ये रात्री जे पाणी सुटतं तेच कार्ड खातं.

अर्थिंगचं खास बघा. आपल्याकडे खाली जांभा दगड, त्यात अर्थचा रोध जास्त येतो. अर्थ पिट मे महिन्यात मोजा. जुलैत जमीन भिजलेली असताना सगळेच पिट छान रीडिंग देतात आणि ते आपल्याला फसवतं. पॅनेलच्या सप्लायवर आणि बाहेरून येणाऱ्या सिग्नल केबलवर, विशेषतः टॉवरच्या गच्चीवरून येणाऱ्या, सर्ज प्रोटेक्शन लावा.

मॉडबसच्या केबलबद्दल मोजक्याच गोष्टी: एकामागून एक जोडायचं, फांद्या काढायच्या नाहीत, दोन्ही टोकांना १२० ओहम, शील्ड एकाच बाजूला अर्थ, आणि व्हीएफडीच्या पॉवर केबलच्या ट्रेमधून न्यायचं नाही. सप्लाय बंद करून लाइनवर मीटर लावला की ६० ओहमच्या आसपास दिसलं पाहिजे. १२० दिसलं तर एक टोक राहिलंय, ४० दिसलं तर कोणीतरी मध्येच तिसरा रेझिस्टर लावलाय.

सावधान: चिलरचा सेटपॉइंट नेटवर्कवरून लिहिताना तो बदलला तरच लिहा. दर सेकंदाला तोच आकडा लिहीत राहिलात तर अनेक उपकरणांची कायमस्वरूपी मेमरी लिहून लिहून खराब होते. आणि चिलर फॅरनहाइट मागतोय की सेल्सिअस ते आधी बघून घ्या.

६. प्रोग्राम टेबलावर तपासा

पॅनेल साइटवर यायच्या आधी त्याला खोटे सिग्नल देऊन सीक्वेन्सची प्रत्येक ओळ चालवून बघा. फ्लो आला नाही तर काय होतं, दोन सेन्सर एकदम तुटले तर, सप्लाय गेला तर. एक दिवस जातो, पण साइटवरचे चार वाचतात. बॉयलर आणि चिलरच्या रजिस्टरचे पत्ते इथेच पक्के करा, मॉडबसमध्ये पत्ता एकाने पुढेमागे होणं आणि ३२ बिटच्या आकड्याचे दोन भाग उलटे वाचले जाणं ही रोजची गोष्ट आहे. असा आकडा बहुधा वेडावाकडा दिसतो आणि पकडता येतो, पण पत्ता एकाने चुकून शेजारचं तापमान वाचलं जात असेल तर ते महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

७. लूप चेक: प्रत्येक पॉइंट, एकही न सोडता

एक माणूस उपकरणापाशी, एक स्क्रीनपाशी, हातात वॉकीटॉकी. "हेडर प्रेशर, गेजवर किती?" "आठ किलो." "इथे पाच." थांबा! हा खरा संवाद आहे. आम्ही एका बॉयलरवर ट्रान्समीटर बदलला होता, नवीन आला ०–१६ किलोचा आणि प्रोग्राममध्ये राहिली जुनी ०–१०ची रेंज. ४ ते २० मिलीॲम्पियरच्या सिग्नलमध्ये आठ किलोला ट्रान्समीटर १२ मिलीॲम्पियर देतो, कंट्रोलर त्याचे पाच वाचतो. त्या कंट्रोलरला आठ हवे होते, म्हणजे स्क्रीनवर आठ दिसायला खरं प्रेशर १२.८ लागलं असतं, आणि बॉयलर होता १०.५४चा. हाय प्रेशर स्विच आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मध्ये आले असते हे खरं, पण ते रोजच्या चुका झाकण्यासाठी नसतात. चूक माझ्या यादीत होती, रेंजचा रकाना मी जुन्याच नेमप्लेटवरून भरला होता. तेव्हापासून अॅनालॉग पॉइंट तीन ठिकाणी तपासल्याशिवाय मी सही करत नाही: खाली, मध्ये आणि वर.

डिजिटल पॉइंटसाठी उपकरण खरोखर चालवून किंवा थांबवून बघा. पंप बंद करून फ्लो स्विच उघडतो का? व्हॉल्व्हला ५० टक्के कमांड दिल्यावर दांडा खरंच मध्यावर येतो का, की स्क्रीनच ५० म्हणतेय?

तपासा: लो वॉटर कटऑफ प्रमाणपत्र असलेल्या बॉयलर ॲटेंडंटनेच तपासायचा. बर्नर लो फायरवर, ॲटेंडंट गेज ग्लाससमोर, हळू ब्लोडाउन. पाणी काचेतून दिसेनासं व्हायच्या आधी बर्नर आपोआप बंद झालाच पाहिजे. नाही झाला तर ताबडतोब हाताने बंद आणि बाकीचं काम तिथेच थांबवा.

८. कटओव्हर (जुन्यावरून नवीन कंट्रोलवर जाणं), एका वेळी एकच उपकरण

महिना निवडताना लोड बघा आणि माणसंही बघा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरचा उकाडा टाळा, चतुर्थीचा आठवडा तर नकोच, कारण निम्मे लोक गावी असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी सर्वात सोयीचं. आठवड्याचा वार मंगळवार-बुधवार, सकाळी, शुक्रवारी संध्याकाळी कधीही नाही.

सुरुवात स्टँडबाय चिलरपासून करा. तो नवीन कंट्रोलवर घ्या, दोन-तीन दिवस चालवा, मग पुढचा. बॉयलर सगळ्यात शेवटी, तोही एक एक करून, आणि दुसरा त्या वेळी जुन्या पद्धतीने तयार ठेवून. जुन्या वायरी कापायच्या नाहीत, नंबर लावून, टोकं झाकून पॅनेलमध्येच ठेवायच्या, महिनाभर तरी. एमसीसीवरचे हँड-ऑफ-ऑटो स्विच काढू नका, ते शेवटपर्यंत लागतात.

परत फिरायची वेळ आधीच कागदावर ठरवा. उदाहरणार्थ, दुपारी दोनपर्यंत चिलर ऑटोवर स्थिर झाला नाही तर जुन्यावर परत, वाद नाही. हे सकाळी ठरलेलं नसेल तर दुपारी प्रत्येकाला वाटतं अजून दहा मिनिटांत होईल, आणि रात्र होते. लाँड्री, किचन, वॉर्ड, हॉस्टेल, सगळ्यांना आदल्या दिवशी सांगा.

९. ट्यूनिंग आणि नंतरचं

पीआयडी (सेटपॉइंट राखणाऱ्या कंट्रोलचे आकडे) ट्यून करताना एका वेळी एकच आकडा बदला आणि बदल लिहून ठेवा. पाइप लांब असलेल्या कॅम्पसमध्ये सर्वात दूरच्या इमारतीतला परिणाम दिसायला वेळ लागतो, तेवढा दम धरला नाही की पंपाचा वेग सतत वर-खाली हेलकावे खायला लागतो. डिफरन्शियल प्रेशरचा सेन्सर प्लांटरूममध्ये न ठेवता दूरच्या टोकाला ठेवलात तर पंपाची वीज वाचते, पण तिथली केबल तुटली तर काय करायचं तेही सीक्वेन्समध्ये हवं.

प्लांटचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा. कंपनीला बाहेरून बघायचं असेल तर व्हीपीएन, आणि तेही मागितल्यावर चालू करायचं. राउटरवर पोर्ट उघडून कंट्रोलर थेट इंटरनेटवर ठेवणं म्हणजे प्लांटरूमचं दार रस्त्यावर उघडं टाकणं. पहिल्या दिवशीचे पासवर्ड बदला आणि प्रोग्रामची कॉपी दोन ठिकाणी ठेवा, एक कंट्रोलरच्या बाहेर.

ऑपरेटरला एका दुपारी प्रोजेक्टरवर ट्रेनिंग देऊन मोकळे होऊ नका. प्रत्येक शिफ्टबरोबर उभे राहून मुद्दाम बिघाड करून दाखवा: फ्लो स्विच काढा, नेटवर्क केबल काढा, मेन सप्लाय पाडा, आणि तो काय करतो ते बघा. अलार्मही कमी ठेवा. दिवसाला दोनशे अलार्म आले तर तो बझरची वायर काढणार, आणि त्यात त्याची चूक नाही. ज्यावर ऑपरेटरने काही करायचंच नसतं ती नोंद आहे, तिला लॉगमध्ये टाका.

महिन्याने एमसीसीसमोर जाऊन किती स्विच ऑटोवर आहेत ते मोजा, आणि जे हँडवर असतील त्यातल्या प्रत्येकाचं कारण ऑपरेटरकडून समजून घेऊन दुरुस्त करा. मग तिसऱ्या टप्प्यातली नोंद परत काढून तोच हिशोब नवीन आकड्यांवर करा. जानेवारीत केलेलं ट्यूनिंग मे महिन्यात पूर्ण लोडवर एकदा आणि जुलैत दमट हवेत एकदा असं दोनदा तपासावं लागतं. जुलैच्या फेरीत वेट बल्बसाठी लावलेला आर्द्रतेचा सेन्सर हातातल्या मीटरशी ताडून बघा, खाऱ्या हवेत तोच पहिल्यांदा भरकटतो, आणि त्याच वेळी पॅनेल उघडून आतला हीटर गरम लागतोय का तेही हात लावून बघा.